कागदावर कुजलेला खांब

‘बोल गड्या, चढू का?’

हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा माझ्या अंगावरचं काळं तेल अजून पुरतं वाळलं नव्हतं. त्याआधी तीन ठोके पडले होते. एक बुंध्याशी, एक गुडघ्याच्या उंचीवर, एक छातीच्या उंचीवर. कुणीतरी छोट्या हातोडीने मला ठोकत होतं आणि गाल टेकवून ऐकत होतं. मी आतून भरीव होतो, त्यामुळे टण वाजलो. तिन्ही वेळा टण. मग त्या माणसाने माझ्यावर पंजा ठेवला आणि घरातल्या माणसाला विचारावं तसं मला विचारलं, ‘बोल गड्या, चढू का?’

मित्रांनो, मला आयुष्यात पुष्कळांनी ठोकलं. खिळे ठोकले, पाट्या ठोकल्या, पत्रे ठोकले. पण ठोकून झाल्यावर विचारणारा तेवढा एकच भेटला. आणि त्याच माणसाने पुढे एकोणीस वर्षं माझं तोंड पाहिलं नाही. का, ते सांगायलाच आज बसलोय. बसलोय कसला, पडलोय. नळाच्या शेजारी, दोन दगडांवर, आडवा. मी एक जुना लाकडी विजेचा खांब आहे. उभा होतो तोवर गप्प होतो. आता आडवा पडून बोलणार आहे, आणि मध्ये कुणी बोललेलं मला चालणार नाही.

जन्माचं थोडक्यात आटपतो. डोंगराच्या उतारावर मी एक सरळसोट झाड होतो, आणि सरळ होतो हाच माझा गुन्हा. शेजारचं वाकडं झाड अजून तिथेच असेल, पाखरं अंगाखांद्यावर खेळवत. मला तोडलं, सोललं, महिनोन्‌महिने सुकवलं आणि काळ्याकुट्ट गरम तेलाच्या टाकीत बुडवलं. ते तेल लाकडाच्या पोटात मुरतं. त्याचा वास असा उग्र, की वाळवीसुद्धा लांबूनच परत फिरते. कारखान्यातला मुकादम माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला होता, ‘हा साठ वर्षं कुजायचा नाही.’ हे वाक्य लक्षात ठेवा. मी तर ते एक दिवस विसरलो नाही.

मला आणून रोवलं ते चढाच्या गल्लीच्या तोंडाशी, शिंपीणबाईंच्या दुकानाला खेटून. चढाच्या गल्लीला लागूनच उताराची गल्ली. दोन्ही गल्ल्यांची वीज एकाच फ्यूजपेटीतून यायची, आणि ती पेटी माझ्यापासून पंधरा पावलांवर होती. पेटीत फ्यूजच्या दोन ओळी, प्रत्येकीत तीन. वरची ओळ चढाच्या गल्लीची, खालची उताराच्या गल्लीची. फ्यूज म्हणजे चिनीमातीच्या मुठीएवढ्या ठोकळ्यात बसवलेली बारीक तार. ठोकळा उपसला की वीज बंद, खोचला की चालू. एवढं कळलं तरी माझी सगळी कर्मकहाणी तुम्हाला कळेल.

तारा जोडल्या त्या संध्याकाळी माझ्या गल्लीत पहिल्यांदा दिवे लागले. शिंपीणबाई तेव्हा नव्या नवरी होत्या. त्यांनी दारात येऊन माझ्याकडे वर पाहिलं आणि म्हणाल्या, ‘किती बाई उंच!’ या गल्लीत माझं कौतुक म्हणावं असं ते पहिलं वाक्य. दुसरं अजून यायचंय.

त्यानंतर सुरू झाला तो वैताग. शिंपीणबाईंनी दुसऱ्याच आठवड्यात माझ्या अंगात खिळा मारला. ‘एकच मारते हं, हँगर अडकवायला,’ असं म्हणाल्या. हे त्यांनी अकरा वेळा म्हटलं. शिकवणीवाल्यांनी पत्रके चिकटवली, त्यांच्यावर घर भाड्याने देणाऱ्यांनी, त्यांच्यावर हरवलेल्या मांजरीच्या मालकिणीने. ती मांजर माझ्याच पायाशी झोपलेली असायची, पण पत्रक कोण वाचतो? कुणी सायकल बांधली, कुणी शेळी. शेळीने पत्रके खाल्ली, तेवढंच तिचं पुण्य. टीव्हीच्या केबलवाल्याने उरलेल्या वायरीचं वेटोळं माझ्या मानेत घातलं आणि ‘उद्या येऊन नेतो’ म्हणून गेला. तो उद्या काही उजाडला नाही. कुत्र्यांबद्दल मी बोलणार नाही.

आणि एवढं करून गल्लीत दिवा गेला की पहिली शिवी मला. ‘मेल्या खांबाला काय झालंय कोण जाणे!’ अहो, मला काय होणार? फांदी तारेवर पडली ती तुमच्या झाडाची. पतंग अडकला तो तुमच्या पोराचा. पण दिसतो कोण? मी. मग बोलून घ्यायचं कुणाला? मलाच.

हे सगळं सोसवलं, कारण महिन्या-दोन महिन्यांनी तो यायचा.

त्याला सगळे खार म्हणत. खारीसारखा सरसर चढायचा म्हणून. शिडी नाही, गाडी नाही. माझ्या अंगात दोन्ही बाजूंनी बसवलेल्या लोखंडी पायऱ्या आणि त्याच्या कमरेचा चामडी पट्टा, बस. त्याच्या जोडीला खाली उभा राहणारा एक माणूस असायचा. गोल चेहरा, बारीक मिशी, आणि वरच्या खारीकडे सतत बघत राहायचं काम. त्याचं नाव साहजिकच बोका पडलं. ‘वर खार, खाली बोका, गल्लीला कसला धोका!’ असं पोरं ओरडायची. दोघेही हसायचे. दोघांची लग्नं एकाच वर्षी झाली होती आणि डबा एकच असायचा. झाकणात एक जेवायचा, डब्यात दुसरा.

खारचा एक नियम होता. चढणाऱ्याने आधी पेटीकडे जायचं, आपल्या गल्लीचे तिन्ही फ्यूज आपल्या हाताने उपसायचे आणि आपल्याच खिशात घालायचे. जोडीदाराकडे द्यायचे नाहीत, झोळीत टाकायचे नाहीत. ‘माझा जीव माझ्या खिशात,’ असं म्हणून तो खिसा थोपटायचा. मग माझ्याकडे यायचा, तीनदा ठोकायचा, ऐकायचा. लाकूड आतून भरीव असलं की टण वाजतं, कुजलेलं असलं की ढब. टण आणि ढब यांच्या मध्ये खारला म्हणे आणखी सात आवाज ऐकू यायचे. गल्लीतले लोक त्याला हाताला धरून घरात न्यायचे. ‘अरे, एवढी चौकट बघ रे, एवढा पलंग बघ.’ तो बोटाच्या पेराने ठोकायचा आणि सांगायचा, ‘मावशी, डाव्या पायात वाळवी आहे. नातवाला यावर उड्या मारू देऊ नका.’ त्याचा कान म्हणजे त्याचं सगळं वैभव होतं.

आणि चढताना गुणगुणायचा. कुणाचं गाणं ते ठाऊक नाही, बहुधा त्याचंच:

एक पाऊल टाकू, एक पाऊल ठेवू,
अंधाऱ्या घराला उजेड नेऊन देऊ.

एकेका पायरीला एकेक शब्द. माझ्या टोकाला पोचेपर्यंत गाणं दोनदा व्हायचं.

आता ती सकाळ.

माझ्या टोकावरची एक चिनीमातीची वाटी तडकली होती. तार जिच्यात बसते ती वाटी. ती बदलायला दोघे आले. खारने पेटीतल्या वरच्या ओळीतले तिन्ही फ्यूज उपसले, खिशात घातले, खिसा थोपटला. मला ठोकलं. टण, टण, टण. ‘बोल गड्या, चढू का?’ चढ बाबा, मी माझ्या परीने म्हणालो. तो चढला. टोकाशी पोचल्यावर आडव्या पट्टीच्या वर जायचं म्हणून त्याने कमरेचा पट्टा क्षणभर सोडला.

तेवढ्यात उताराच्या गल्लीतला एक फ्यूज उडाला. त्याचा आमच्याशी काही संबंध नव्हता, तो आपला आपण उडाला. पण बेकरीवाला हातभर पिठानिशी धावत आला. ‘अरे बोक्या, मशीन बंद पडलं ना! पीठ फुगून बाहेर यायला लागलंय!’

‘बघतो, बघतो, ओरडू नका.’

‘बघतोस काय? दुसरा फ्यूज असेल ना झोळीत? टाक की!’

एवढं बोलून तो परत पिठाकडे पळाला. बोक्याने पेटीपाशी जाऊन झोळीतून जादा फ्यूज काढला. आता नीट ऐका, मित्रांनो. जो फ्यूज उडाला होता, तो खालच्या ओळीत आपल्या जागी गुपचूप बसलेला होता. वरून बघणाऱ्याला धडधाकट. आणि वरच्या ओळीत तीन घरं रिकामी होती. फ्यूजपेटीवर जन्म काढणाऱ्या हाताला एक खोड लागते. रिकामं घर दिसलं की हात तिकडे जातो. बोक्याची मान बेकरीकडे वळलेली होती, तोंड ‘आलं, आलं’ म्हणत होतं, आणि हाताने त्याचं त्याचं काम करून टाकलं.

माझ्या चार तारांपैकी एका तारेत जीव आला. ती तार खारच्या तळहातात होती.

मी लाकूड. लाकडाला ओरडता येत नाही. त्या दिवशी त्याचा जितका संताप आला तितका आयुष्यात कधी आला नाही.

खार पडला तो शिंपीणबाईंच्या दुकानासमोरच्या ताडपत्रीच्या छपरावर, तिथून हातगाडीवर, तिथून रस्त्यावर. ताडपत्री होती म्हणून वाचला. बोक्याने वर पाहिलं, समोरच्या पेटीकडे पाहिलं आणि फ्यूज उपसला. झोळीत टाकला. मग धावला. हे पाहिलं फक्त मी. शिंपीणबाई कपडा कापत होत्या, त्यांनी बाहेर पाहिलं तेव्हा बोका खारचं डोकं मांडीवर घेऊन रडत होता. ते रडणं खरं होतं. हेही मी पाहिलं.

दुपारी वरचे अधिकारी आले, सोबत कारकून. ‘काय झालं?’ म्हणून विचारलं. बोक्याचे ओठ दोनदा हलले. तिसऱ्यांदा आवाज आला.

‘खांब... खांब जुना आहे साहेब. पायरी निसटली असेल.’

कारकुनाने लिहिलं, ‘खांब आतून कुजलेला.’ लिहिताना तो माझ्यापासून दोन हातांवर उभा होता. हातात पेन होतं. ते उलटं करून एकदा टक केलं असतं तरी चाललं असतं! पण नाही. माझ्या मुकादमाची साठ वर्षं त्या माणसाने अर्ध्या ओळीत कुजवली. माझ्यावर लाल रंगाने भली मोठी फुली मारली आणि मला धोकादायक ठरवून ताबडतोब बदलण्याचा हुकूम झाला.

ताबडतोब म्हणजे किती? एकोणीस वर्षं.

खारचं खुब्याचं हाड मोडलं होतं आणि डोक्याला मार होता. काठी घेऊन चालायला लागला तेव्हा पहिल्यांदा इथेच आला. सोबत बोका होता. खार माझ्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, ‘मला दुसरं काही आठवत नाही रे बोक्या. पण तीन ठोके आठवतात. मला टण ऐकू आलं होतं. हा आतून कुजलेला होता, आणि मला टण ऐकू आलं.’

बोका पायाने माती उकरत राहिला.

‘म्हणजे माझा कानच गेला,’ खार म्हणाला. ‘कधी गेला ते कळलंसुद्धा नाही. किती खांबांवर चढवलं असेल मी पोरांना, या कानाच्या भरवशावर.’

बोल ना बोक्या, मी म्हणत होतो. आत्ता बोल. हीच वेळ आहे. त्याने खारच्या कोपराला हात दिला आणि म्हणाला, ‘चल, ऊन लागतंय तुला.’

ऊन!

त्या दिवसापासून खार समोरच्या बाजूने जाऊ लागला. कार्यालयात बसून मीटरच्या नोंदी करायचं काम त्याला मिळालं होतं. येता-जाता नजर खाली. शिंपीणबाई एकदा म्हणाल्या, ‘भाऊ, हे नवं कपाट जरा ठोकून बघता का?’ तर म्हणाला, ‘माझ्या कानावर जाऊ नका, वहिनी. या कानाने मला पाडलंय.’ गाणंही थांबलं. लोकांना वाटलं, हाड मोडलं म्हणून माणूस खचला. हाड तर केव्हाच जुळलं होतं.

त्याला एक मुलगी. लहानपणी त्याच्यासोबत जाताना ती त्याचा हात सोडून पलीकडून माझ्यापाशी धावत यायची आणि लाल फुलीवर बोट ठेवायची. एकदा तिने हट्ट धरला, ‘बाबा, मला ठोकायला शिकवा ना. कसं ऐकायचं ते दाखवा.’

‘बहिऱ्याकडे गाणं शिकायला येतेस?’ असं म्हणून त्याने तिला ओढतच नेलं.

बोका मात्र दर आठवड्याला त्यांच्या घरी जायचा. मुलीला वह्या न्यायचा, फळं न्यायचा, तिच्या परीक्षेच्या दिवशी दारात उभा असायचा. गल्ली म्हणायची, मित्र असावा तर असा. मला ऐकून अंगावरचे खिळे गळून पडावेत असं व्हायचं. बोक्याला बढती मिळत गेली. पांढरं शिरस्त्राण आलं, जीप आली. लोक तोंडावर साहेब आणि पाठीमागे बोकासाहेब म्हणू लागले. दर वर्षी कुणीतरी माझा कागद त्याच्यापुढे धरायचं. ‘साहेब, तो फुलीवाला खांब बदलायचा राहिलाय.’ आणि दर वर्षी तो म्हणायचा, ‘पुढेमागे तारा जमिनीखालून जायच्याच आहेत. तेव्हा एकदमच काढू.’

हे पहिल्या वर्षी मला कळलं नाही. चौथ्या वर्षी कळलं. मला उपटलं की माझा बुंधा उघडा पडणार. बुंधा उघडा पडला की त्यात कुजलेलं काही नाही हे कुणालाही दिसणार. मला धोकादायक म्हणणारा तोच, आणि मला जागचा हलू न देणाराही तोच. वर आणखी धोका नको म्हणून माझ्या कमरेला लोखंडी टेकू लावला. धडधाकट माणसाला बळजबरीने काठी द्यावी तसा. बरं, त्या टेकूला पुन्हा सायकल बांधली गेलीच.

आणि अखेर तो दिवस ठरला. तारा जमिनीखाली जाणार.

गल्लीत महिनाभर दुसरा विषय नव्हता, आणि चर्चा माझ्याच पायाशी व्हायची. ‘आता वाऱ्यावादळात दिवे जायचे नाहीत,’ शिंपीणबाई म्हणाल्या. ‘आणि गेले तर?’ बेकरीवाला म्हणाला. तो आता म्हातारा झाला होता, पण आवाज तसाच. ‘आत्ता निदान मान वर केली की दिसतं, तार कुठे तुटली ते. खाली बिघडलं तर कुठे शोधायचं? अख्खा रस्ता खणत बसतील. मग नळवाले येतील आणि केबल तोडतील, केबलवाले येतील आणि नळ तोडतील.’ ‘पण आभाळ तरी मोकळं दिसेल,’ शिंपीणबाई म्हणाल्या. हे त्यांनी माझ्या अकराव्या खिळ्याला हँगर अडकवता अडकवता म्हटलं.

माझं मत कुणी विचारलं नाही, पण सांगतो. दोघांचंही खरं आहे. जमिनीखालच्या केबलला फांदीची भीती नाही, पतंगाची नाही. मी तिचा हेवा करत नाही. पण जे वर असतं ते दिसतं, म्हणून शिव्या खातं आणि वेळेवर दुरुस्त होतं. जे खाली पुरलेलं असतं ते वर्षानुवर्षं ठीक आहे असंच वाटतं. आणि एक दिवस सगळी गल्ली अंधारात जाते, तेव्हा कुठे खणायचं ते कुणालाच माहीत नसतं.

खारची मुलगी एव्हाना मोठी होऊन केबल जोडायचं काम शिकली होती. खांबाशी संबंध नको, या अटीवर बापाने शिकू दिलं. जमिनीतल्या दोन केबलांची टोकं सोलून, जुळवून, गुंडाळून एक करायची. एका जोडाला अर्धा दिवस जातो. हात असा हलका लागतो, जसा जखम बांधताना. आमच्या गल्लीचा शेवटचा जोड तिच्याकडे आला. साहेब अर्थात बोका. कामावर ती त्याला साहेब म्हणायची, एरवी काका.

सकाळपासून दोन्ही गल्ल्यांची वीज बंद होती. माझ्या तारा उतरवल्या गेल्या. अंगावरून ओझं गेलं आणि मला उगीचच थंडी वाजल्यासारखं झालं. क्रेनवाल्याने माझ्या छातीला पट्टा बांधून ठेवला. मुलगी खड्ड्यात उतरली होती. उतरण्याआधी तिने नव्या पेटीतले सगळे फ्यूज आपल्या हाताने उपसून खिशात घातले होते आणि खिसा थोपटला होता. बोक्याने ते पाहिलं आणि तोंड फिरवलं.

दुपार टळली, तसा बेकरीवाला आला. हातभर पिठानिशी.

‘बोकासाहेब, अहो किती वेळ? माझं पीठ फुगून बाहेर यायला लागलंय!’

खड्ड्यातून आवाज आला, ‘थोडा वेळ लागेल, आजोबा. जोड आवळायचा राहिलाय.’

‘उताराच्या गल्लीचं तर झालंय ना जोडून? मग तेवढी तरी चालू करा! हिच्या खिशातल्या फ्यूजची वाट कशाला बघायची? दुसरे असतीलच की गाडीत. टाका!’

जीपचा चालक भला माणूस. त्याला वाटलं, मदत करावी. तो गाडीतून तीन फ्यूज घेऊन पेटीकडे निघाला. पेटीत तर सगळीच घरं रिकामी होती.

‘हात लावू नकोस!’

बोक्याचा एवढा मोठा आवाज गल्लीने कधी ऐकला नव्हता. चालकाच्या हातून एक फ्यूज खाली पडून फुटला. बोक्याने धावत जाऊन उरलेले दोन हिसकावून घेतले. ‘तिच्या खिशातले सोडून दुसरा एकही फ्यूज या पेटीत जाणार नाही. पीठ जाऊ दे खड्ड्यात!’

‘अहो, पण ओरडता काय...’ बेकरीवाला पुटपुटला. त्याला काय ठाऊक, की एकोणीस वर्षांपूर्वीही तो हेच बोलला होता.

नेमका तेव्हाच खार आला. मुलगी चष्मा घरी विसरली होती, तो द्यायला. तो खड्ड्याकडे चालला होता. वाटेत त्याला माझ्या छातीचा पट्टा दिसला आणि काठी थांबली. कितीतरी वेळ माझ्याकडे पाहत होता. मग आला. समोरच्या बाजूने नव्हे, थेट माझ्यापाशी.

‘लांब व्हा काका,’ क्रेनवाला म्हणाला. ‘कुजका आहे तो. कधी मोडेल नेम नाही.’

‘ठाऊक आहे,’ खार म्हणाला. ‘आमची जुनी ओळख आहे.’

निरोप घ्यायचा म्हणून असेल, किंवा हाताची खोड म्हणून असेल, त्याने काठी उलटी केली आणि तिच्या मुठीने बुंध्याशी ठोकलं.

टण.

त्याने मान तिरकी केली. गुडघ्याच्या उंचीवर ठोकलं. टण. छातीच्या उंचीवर, लाल फुलीच्या मधोमध. टण.

‘नाही,’ तो स्वतःशीच म्हणाला. ‘माझ्या कानाचं काही खरं नाही.’

खड्ड्याच्या कडेला मुलीचं डोकं वर आलं होतं. ‘बाबा, मला पण भरीवच ऐकू आलं.’

‘तुला काय कळतं त्यातलं?’

‘घरातले सगळे दरवाजे ठोकून ठोकून शिकले मी, तुम्ही बाहेर गेलात की. हा भरीव आहे.’

खारने क्रेनवाल्याकडे पाहिलं. ‘उचल बरं याला.’

क्रेनवाल्याने बोक्याकडे पाहिलं. बोका हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. क्रेन घरघरली, आणि जमिनीने मला सोडलं.

मित्रांनो, हवेत लोंबकळत असताना मला तुम्हाला काय सांगायचं ते सुचलं, म्हणून इथेच सांगून टाकतो. खिळे मारा, पत्रके लावा, शेळ्या बांधा. तुम्ही ऐकणार नाहीच. पण कुणाला कुजका म्हणण्याआधी एकदा ठोकून तरी बघा हो. कान लावा. एवढंही होत नसेल, तर निदान लिहू तरी नका. आणि हातून चूक झालीच, तर ती पुरू नका. पुरलेल्या चुकीवरून रोज कुणाचं तरी पाऊल पडत असतं.

मला रस्त्यावर आडवं ठेवलं. माझ्या बुंध्याची माती गळून पडली. क्रेनवाल्याने पहारीचं टोक लाकडात घुसवून पाहिलं, घुसेना. पुन्हा जोर लावला, तर पहार घसरून बाजूला गेली. आत पिवळंधमक लाकूड आणि त्याला अजून त्या काळ्या तेलाचा वास. ‘अरेच्चा,’ तो म्हणाला, ‘हा तर आणखी चाळीस वर्षं टिकला असता.’

ते माझं दुसरं कौतुक.

खार खाली बसला. मोडून जुळलेल्या खुब्याने त्याला खाली बसता येत नाही, तरी बसला. माझ्या बुंध्यावर पंजा ठेवला. मग तोच पंजा उलटा करून आपल्या तळहाताकडे पाहिलं. तिथे एक बारीक काळा डाग होता, एकोणीस वर्षांपासूनचा. खरचटलं असेल असंच सगळे धरून चालले होते.

‘मग त्या दिवशी मी पडलो कशाने?’ तो म्हणाला.

गल्ली जवळ सरकली. बेकरीवालासुद्धा. खड्ड्यातून मुलगी वर आली आणि बापामागे उभी राहिली. तिचा एक हात खिशावर होता.

बोक्याने डोक्यावरचं पांढरं शिरस्त्राण काढलं. ते कुठे ठेवावं ते त्याला कळेना, म्हणून माझ्याच अंगावर ठेवलं. मग तो मातीत खारसमोर बसला. साहेबासारखा नव्हे, पूर्वी डब्याचं झाकण घेऊन बसायचा तसा. हातात ते दोन फ्यूज अजून होते. त्याचे ओठ दोनदा हलले. तिसऱ्यांदा आवाज आला.

‘फ्यूज मी टाकला होता. उताराचा समजून तुझ्या ओळीत टाकला.’

तो खारच्या डोळ्यांत बघायचा प्रयत्न करत होता.

‘खांब चांगला होता रे,’ तो म्हणाला. ‘आणि तुझा कानसुद्धा.’